अळीचा वाटा

वांगी तोलून झाली की मावशी टोपलीतून आणखी दोन उचलून पिशवीत टाकायच्या आणि म्हणायच्या, “ही अळीची.”

किलोभर वांग्यांत एखाददुसरं किडकं निघणारच, म्हणून तेवढं त्या आधीच भरून द्यायच्या. देठापाशी बारीक भोक दिसलं तर ते वांगं खाली दडपायच्या नाहीत, उलट हातात धरून दाखवायच्या. “हे बघा सर, ह्यात भाडेकरू हाय. चिरताना त्येला बाहेर काढा, बाकीचं घर तुमचं.” नगरमध्ये आमच्या चर्चच्या आवारात चिंचेचं झाड आहे. दर रविवारी उपासना सुटली की त्याखाली गोणपाट अंथरून त्या बसत. मेथी, शेपू, वांगी, दोडके, कधी काकड्या. सगळं बिनऔषधाचं. आता त्या जागी कुणाची तरी स्कूटर उभी असते. तिच्याकडे बघणं मी टाळतो.

ती जागा माझ्यामुळे रिकामी झाली. हे मी चारचौघांत कबूल केलेलं आहे. पण कबूल करताना जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो.

मावशी सोनईच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. घरची पाच एकर जमीन, नवरा आणि दीर मिळून कसत. ऊस, कांदा, थोडा मका. त्यातला विहिरीलगतचा अर्धा एकर मावशींनी नवऱ्याशी भांडून मागून घेतला होता. “औषध मारून आले की ह्यांचं डोळं दोन-दोन दिस लाल. मी म्हनलं, येवढा एक तुकडा माझ्या हाती द्या.” काकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, तीन वर्षांची मुदत घातली होती. तीन वर्षांत तो तुकडा आपल्या पायावर उभा राहिला तर कायमचा मावशींचा, नाहीतर बाकीच्या रानासारखा तोही उसात. दीर पहिल्या दिवसापासून हसत होता. “वहिनी अळ्या पाळत्यात,” असं गावभर सांगायचा. हे सगळं मावशी स्वतःच रंगवून सांगायच्या आणि आम्ही गिऱ्हाइकं हसायचो. तो तुकडा आमच्या रविवारच्या पिशव्यांवर उभा आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर नक्कीच ठाऊक होतं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळे लोकांना वाटायचं, सर विचार करून, तपासून अशी भाजी घेत असणार. खरी गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडे पावसाळा सरला की हंगामाचा सण असतो. जो तो आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी देवापुढे आणून ठेवतो. उसाची मोळी, ज्वारीचं पोतं, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, आणि ज्यांना शेत नाही त्यांचे केक. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. तिथे वस्तूची किंमत कुणी बघत नाही. एक नारळ चारदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा दान करतो. कोण किती बोलतं, ते सगळे बघत असतात.

त्या वर्षी मावशींची टोपली वर आली. लिलाव पुकारणारे आमच्यातलेच निवृत्त पोस्टमन, तोंडाने जबरदस्त. “ही वांगी बिनविषारी! सासूबाईंसाठी घेत असाल तर आत्ताच सांगतो, काही उपयोग व्हायचा नाही!” सगळं आवार हसलं. बोली चढायला लागली. समोरून बँकेतले एक साहेब बोलत होते, इकडून मी. ते बोलले की माना त्यांच्याकडे वळत, मी बोललो की माझ्याकडे. शेवटी टोपली मला मिळाली आणि पोस्टमन ओरडले, “सरांना कळतं! विज्ञानाचा माणूस आहे!” टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांनी मला सेंद्रिय भाजी खाणारा माणूस केलं. पुढच्या रविवारी मावशी चिंचेखाली टोपली घेऊन बसल्या, तेव्हा एवढ्या टाळ्या घेतलेला माणूस हात हलवत घरी कसा जाणार? मी पिशवी भरली. मग ती पिशवी कशासाठी, हे लोकांना सांगायला लागलो. जमिनीचा कस, पाण्यात उतरणारी रसायनं, मुलांच्या पोटात जाणारं विष. पिशवी आधी आली, मतं नंतर.

बाकीच्यांचंही थोडंफार असंच होतं. बँकेतले साहेब लिलावात हरले होते, म्हणून माझ्यापेक्षा एक जुडी जास्त घ्यायचे. एका निवृत्त नर्सबाईंना त्या मेथीला त्यांच्या आजोळचा वास येतो असं वाटायचं. एक बाई केवळ मावशी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करतात म्हणून घ्यायच्या, आणि घरी गेल्यावर दोडके शेजारणीला देऊन टाकायच्या. पुष्कळजण मी घेतो म्हणून घेत. चवीसाठी घेणारी मला वाटतं एकटी माझी बायको. ती वांग्याचा देठ सुद्धा टाकायची नाही.

मुदतीच्या तिसऱ्या वर्षी, थंडी ओसरायला लागली होती त्या सुमाराला, आम्ही दोघं सोनईला एका लग्नाला गेलो होतो. परतताना मावशींच्या गावावरून रस्ता जातो. विहीर, तिच्यामागे वांग्यांचा पट्टा, हे मला ऐकून माहीत होतं. मी गाडी हळू केली आणि पाहिलं, तर काका पाठीवर फवारणीचा पंप घेऊन वांग्यांत उभे. बाजूला निळं पिंप, त्यापाशी दुसऱ्या पंपावर मावशी वाकलेल्या.

बायको म्हणाली, “थांबा ना. उतरू, भेटू, विचारू काय मारताहेत ते.”

मी म्हणालो, “विचारायचं काय त्यात? दिसतंय की.”

गाडीतूनच मोबाईलवर झूम करून फोटो काढला आणि निघालो.

आता जे सांगायचं राहिलं होतं ते. लोकांना मी सांगितलं की मला फसवल्यासारखं वाटलं, राग आला, त्या रागात चूक झाली. ते खरं नाही. मला राग आला नव्हता. आनंद झाला होता. इतरांना जे दिसलं नाही ते मला दिसलं, मी पकडलं, ह्याचा आनंद. इमामपूरचा घाट चढेपर्यंत मी मनातल्या मनात मजकूर जुळवत होतो. घरी आल्यावर बूट न काढता चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, “आपल्या बिनविषारी वांग्यांचा मळा. आज दुपारी. ज्याने त्याने ठरवावं.” ह्यात खोटं असं एकही वाक्य नाही. तेवढी काळजी मी घेतली होती. रात्रीपर्यंत आभारांची रांग लागली. “सर, डोळे उघडलेत.” “विज्ञानाचा माणूस असावा तर असा.”

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना सुटली आणि लोक चिंचेला वळसा घालून फाटकाकडे गेले. मावशींना कळेना. मला बघून म्हणाल्या, “सर, आज कुनाची मयत-बियत हाय का? समदी लई घाईत हायेत.”

“असेल काहीतरी,” मी म्हणालो.

“तुमी तरी घ्या की.”

“आज नको, मावशी. घरी आहे.”

त्यांनी दोन वांगी उचलून पुढे केली. “बरं मंग, अळीची तरी न्या.”

मी मोबाईलमध्ये बघत पुढे निघून गेलो.

सोमवारी शिक्षकखोलीत तो फोटो मी मोठ्या उत्साहाने आमच्या मराठीच्या सरांना दाखवला. त्यांची गावाकडे शेती आहे. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “सर, तुम्ही हा स्वतः नीट बघितलाय का?”

“म्हणजे?”

“ह्या बाईच्या हातात काय आहे?”

मी बघितलं. मावशींनी त्या दुसऱ्या पंपाच्या तोंडावर जुन्या साडीचं फडकं धरलं होतं आणि पिंपातलं काळपट पाणी त्यातून गाळून ओतत होत्या. हात उघडे, कोपरापर्यंत भिजलेले.

“विकतचं औषध कुणी गाळतं का हो? बाटलीचं टोपण भरायचं आणि पाण्यात ओतायचं. हा दशपर्णी अर्क आहे. कडुनिंब, सीताफळ, एरंड, असा दहा झाडांचा पाला शेण-गोमूत्रात महिनाभर पिंपात कुजवायचा. गाळला नाही तर पंपाच्या नळीत पाला अडकतो. वास असा सुटतो की चार दिवस घरचे पंगतीला घेत नाहीत. पण विष नाही त्यात.” मग ते हसले. “तुम्हा शहरातल्या लोकांना पंप दिसला की विषच दिसतं. सेंद्रियवाला काय अळ्यांपुढे हात जोडून उभा राहतो?”

दर जूनला नवीन वर्गाला पहिला धडा मी हाच देतो, की आधी निरीक्षण, मग अनुमान. फोटो माझा होता, फडकं त्यात मधोमध होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी दुरुस्तीचा मजकूर लिहायला घेतला. लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला. वाटलं, आधी मावशींना भेटावं, पिंप डोळ्यांनी पाहावं, मग लिहावं, म्हणजे पक्कं होईल. फोटो टाकताना ही पक्कं करण्याची गरज मला वाटली नव्हती. पहिले काही दिवस बायको रोज विचारायची, “लिहिलंत का?” मी म्हणायचो, “लिहितोय.” मग तिने विचारणं सोडलं. ते मला जास्त जड गेलं.

मावशी पुढच्या रविवारी आल्या. त्याच्या पुढच्याही. टोपली दर वेळी आधीपेक्षा लहान. आमच्यातल्या एकानेही त्यांना काही विचारलं नाही. आम्ही सभ्य माणसं, तोंडावर बोलत नाही. शेवटी नर्सबाईंना राहवलं नाही. त्यांनी मावशींना बाजूला घेऊन मोबाईल दाखवला. मी फाटकापाशी होतो. मावशींनी पदराने चेहरा पुसला आणि मोठ्याने सगळ्यांना सांगायला लागल्या, “अवो, त्ये पाल्याचं पानी हुतं! झाडपाल्याचं! हाताला वास घ्या माझ्या, अजून ग्येला न्हाई!” पाचसहाजण थांबले. “हो हो, असेल,” म्हणाले. कुणी हाताचा वास घेतला नाही.

तेव्हा मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “सर, तुमी इज्ञान शिकिवता. तुमी सांगा की ह्यास्नी.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, लिलावात बघत होते तसेच.

मी म्हणालो, “मला त्यातलं फारसं माहीत नाही, मावशी.”

बस, एवढंच. संडे स्कूलच्या मुलांना मी दहा आज्ञा पाठ करायला लावतो. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा मुलं भराभर म्हणून टाकतात. साक्ष न देणंही त्यातच येतं की नाही, असं एकाही मुलाने मला कधी विचारलेलं नाही.

त्यानंतर मावशी आल्या नाहीत. आम्ही सावेडीतल्या एका दुकानातून भाजी आणायला लागलो. पारदर्शक पाकिटं, वर हिरवं पान छापलेलं, आत एकसारखी वांगी. भाव जास्त, त्यामुळे विश्वासही जास्त. त्या पाकिटावरून कुणी कधी ग्रुपवर चर्चा केली नाही. पाकीट बोलत नाही, हात पुढे करत नाही, आपल्या गुडघ्याची चौकशी करत नाही. त्याचं शेत कुठल्या रस्त्यावर आहे हे कुणाला ठाऊक नसतं, म्हणून गाडी हळू करून बघायचीही सोय नाही.

पुढचा हंगामाचा सण आला. मावशी येतील असं मला वाटलं नव्हतं, पण वेदीसमोर ती ओळखीची टोपली दिसली. वांगीच होती. लिलावात ती वर आली तेव्हा पोस्टमननी कोणताही विनोद केला नाही. “वांगी,” एवढंच म्हणाले आणि थांबले. कुणी बोलेना. देवापुढची टोपली बिनबोलीची राहण्याची वेळ आमच्या आवारात मी कधी पाहिली नव्हती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता मी उभा राहून खरं काय ते सांगणार.

मी उभा राहिलो आणि बोली लावली. पहिल्याच फटक्यात अशी मोठी, की पुढे कुणी बोलण्याचा प्रश्नच नव्हता. पुन्हा टाळ्या पडल्या. “सरांचं मन मोठं,” मागून कुणीतरी म्हणालं.

टोपली घेऊन गाडीकडे निघालो तर मावशी मागून आल्या. “सलाम, सर.”

“सलाम, मावशी,” मीही चर्चमधला आमचा नेहमीचा नमस्कार केला.

“सर, ही वांगी औषधाची हायेत. लोकांनी भाजी न्यायची सोडली, मंग ह्यांनी यंदा तिथं बी पंप चालिवला. देवाफुडं रिकाम्या हातानं कसं यायचं म्हनून आनली. पन तुमाला सांगितलं पायजे.” मग म्हणाल्या, “तुमचा फोटू आता खरा झाला, सर.”

माझ्या तोंडून निघालं, “मी टाकला होता हे तुम्हाला माहीत आहे?”

“नर्सबाईंनी मोबाईल दावला तवाच. वर तुमचं नाव हुतं.”

“तेव्हाच?”

“त्याबिगर का मी तुमालाच म्हनलं, सांगा ह्यास्नी म्हनून?”

त्यांनी टोपलीकडे बोट दाखवलं. “ही इकत घ्यायची काय गरज न्हवती. तवा दोन शब्द बोलला असता तर पुरं हुतं.”

घरी बायकोने वांगी पाण्यात टाकली आणि एकेक चिरत गेली. चिरल्यावर प्रत्येक फोड उजेडात धरून बघायची तिची जुनी सवय. डझनभर वांगी झाली. एकातही अळी निघाली नाही. तिने विळी आडवी केली आणि म्हणाली, “किती सुंदर आहेत नाही?” त्या दिवशी आमच्याकडे पिठलं झालं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांकडून दोन मिनिटं मागून घेतली आणि निवेदनांच्या वेळी उभा राहून सगळं सांगितलं. फोटो, फडकं, दशपर्णी, फाटकापाशी मावशींना दिलेलं उत्तर. आनंदाची गोष्ट मात्र गाळली. तिथे राग म्हणालो. उपासनेनंतर लोक रांगेने हात मिळवायला आले. “धाडस लागतं, सर.” “आजकाल कोण कबूल करतो?” टाकलेल्या फोटोवरही मला मान मिळाला होता, तो टाकल्याच्या कबुलीवरही मिळाला. बँकेतल्या साहेबांनी माझा हात हातात धरून विचारलं, “मग आता मावशी परत बसतील का हो? त्या पाकिटातल्या मेथीला काही दम नाही.”

काही आठवड्यांनी आम्ही दोघं मावशींच्या गावी गेलो. विहिरीलगतच्या तुकड्यात सऱ्या पाडून उसाचं बेणं लावलेलं होतं. हिरवे कोंब नुकतेच वर आले होते. निळं पिंप पालथं घालून त्यावर गोठ्यातली बादली ठेवली होती. काकांनी खुर्च्या मांडल्या. दीर दारातून म्हणाला, “या सर, आता अळ्यांना बी सुट्टी दिली आमी.” कुणी हसलं नाही, तेव्हा तो आत गेला.

मी म्हणालो, “मावशी, माझं चुकलं.”

“व्हय, चुकलं,” त्या म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवायला उठल्या.

चहा आल्यावर मी जे ठरवून आलो होतो ते बोललो. हा ऊस निघाला की तुकडा परत हातात घ्या. मी दर आठवड्याला स्वतः येईन, जे निघेल ते सगळं नेईन.

मावशी बशीत चहा ओतत होत्या. “तीन वरसं त्या मातीला सवय लावली हुती, सर. गांडुळं आल्ती. आता परत पहिल्यापासनं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आन् तुमी एकटे किती वांगी खाताल?”

काका खाली बघत हसले. बायकोही किंचित हसली. मी हसायचा प्रयत्न केला.

निघताना मोरीमागे नजर गेली. सांडपाण्याच्या कडेला वांग्याची पाचसहा झाडं होती, घरच्यापुरती. पानांना भोकं पडलेली, वांगी वेडीवाकडी, एका देठापाशी ओळखीचं बारीक भोक. मी बघतो आहे हे मावशींनी पाहिलं. पूर्वी चिंचेखाली माझी नजर वांग्यांवर पडली की त्या दोन उचलून पुढे करायच्या. आता त्यांनी आमचे रिकामे कप गोळा केले आणि त्या आत गेल्या.